पित्त

खानापूरच्या तालुका दवाखान्यात
कॅज्युअल्टीच्या दाराला अजून काच बसलेली नाही.
तिथं प्लायवूड आहे, चार खिळे,
आणि वर कन्नडमध्ये पाटी:
डॉक्टरांवर हात उचलणं गुन्हा आहे.
ज्यानं काच फोडली
त्याला ती वाचता आली नसती.

रात्रीचे अडीच. बायकांच्या वॉर्डात एकोणीस, पुरुषांच्यात चौदा,
नर्स मी एक.
डॉक्टर तेजस्विनी मंड्याकडची,
कालच्या सकाळपासून उभी.
चहाचा कप तोंडाशी नेते
आणि विसरते कशासाठी नेला.

कणकुंबीची भागूबाई गुरव.
पायात खुरप्याचा घाव, आठ दिवस हळद दाबलेली,
घोट्यापर्यंत काळानिळा.
डॉक्टर विचारते, आपल्या नव्या मराठीत,
शब्द एकेक उचलत, तापल्या भांड्यासारखे:
"आजी, इंजेक्शन... त्रास... आहे?"
"व्हय गे बाई, मागं सुई टोचली तवा
पित्त उठलेलं."

पित्त. हा शब्द तिच्या गावीही आहे.
तिच्या आईला होतं,
उपाशीपोटी कॉफी घेतली की.
कागदावर एक ओळ वाढते:
ॲसिडिटीची गोळी, सकाळी एक.

मी शेजारच्या खाटेवर
ऑक्सिजनची नळी धरून होते.
ऐकलं मी.
ऐकणं आणि कळणं यांच्यामध्ये
एक लांब व्हरांडा असतो
आणि रात्री त्यातला दिवा बंद असतो.

दंडावर आधी टेस्ट करायची असते.
अशा रात्री ती फक्त कागदावर होते.
सलाईन लावलं, औषध सोडलं,
दुसऱ्या पेशंटकडं वळले.
पाचेक मिनिटांनी भागूबाई मनगट खाजवू लागली,
मग गळा.
मग म्हणाली, अगदी शांतपणे, "बघ, उठलं."

उठलं.
जळजळलं नाही, उलटलं नाही,
उठलं. अंगावर. गांधी येऊन.
मी ओरडले, "मॅडम, गंधे! पित्तद गंधे!"
त्या एका कन्नड शब्दानं
ती सबंध जागी झाली.

नळी ओढताना सुई माझ्याच बोटात गेली.
हातमोजे आम्हाला मोठ्या मापाचेच येतात.
ॲड्रिनलिन मांडीत. पाय वर. मास्क.
बाहेर भरमा, तिचा मुलगा,
प्लायवूडच्या फटीतून मोबाईल आत धरलेला,
त्याच्यामागं आणखी सहाजण.
डॉक्टर मान न उचलता विचारते,
"सिस्टर, मागचं दार उघडं आहे ना?"
बोटं म्हातारीच्या नाडीवर,
कान दाराकडं.

चारच्या सुमाराला भागूबाईनं पाणी मागितलं.
भरमा आत आला. "काय झालंतं?"
डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं.
औषध सोसलं नाही, एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं.
खोटंही नव्हतं ते.
मी म्हणाले, "तुझ्या आईनं आधीच सांगितलंतं.
आम्हाला समजलं नाही."
तो बराच वेळ मोबाईलकडं बघत राहिला.
"व्हिडिओ असू दे माझ्याकडं," म्हणाला,
आणि आईच्या पायाशी बसला.
तो पुसून टाक, असं मी म्हणाले नाही.
म्हणावंसं वाटलं.

घटना नोंदवायची एक वही आहे.
मागची अकरा पानं: निरंक, निरंक.
त्या काच फुटलेल्या रात्रीसुद्धा निरंक.
मी तारीख घातली. बोटाला कापूस गुंडाळलेला,
त्यामुळं अक्षर वाकडं आलं.
माझं रक्त आज बेळगावला जाईल,
तीन महिन्यांनी पुन्हा.

उजाडताना डॉक्टर जवळ येऊन बसली.
"असे अजून कोणते शब्द आहेत?"
हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर
ती कन्नडमध्ये लिहीत गेली,
मी सांगत गेले:
कळ. चमक. उसण. भोवळ.
पोटात कालवतंय.
अंग मोडून आलंय.
जीव घाबरा होतोय.

तिथं तिनं पेन थांबवलं.
"हा नको," म्हणाली. "हा येतो."